लघवीच्या कल्चर तपासणीची सेवा: नमुना घेण्यात चोख, रिपोर्टात सैल

मूत्रमार्गातील जंतुसंसर्गासाठी लघवीचे कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखणे आणि त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणे, ही तपासणी करून देणाऱ्या पुण्यातील एका मध्यम आकाराच्या पॅथॉलॉजी लॅबच्या सेवेचे हे परीक्षण आहे. लॅबचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे दोष दाखवणार आहे ते तिच्या एकटीचे नसून बहुतेक लॅबमध्ये सापडतील, आणि जे गुण आहेत ते मात्र सगळीकडे सापडतीलच असे नाही. सत्तरी ओलांडलेल्या आणि बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असलेल्या सासूबाईंना हा त्रास वारंवार होत असल्यामुळे या सेवेशी आमचा संबंध नेहमीचा आहे. माझे मत आधीच सांगते. नमुना घेण्याची आणि तो वेळेत पोचवण्याची या लॅबची शिस्त वाखाणण्याजोगी आहे आणि आतले कामही विश्वासार्ह आहे. मात्र हाती पडणाऱ्या रिपोर्टात इतकी औषधे छापलेली असतात, की औषधांना दाद न देणारे जंतू ओळखण्यासाठी केलेली तपासणीच तसे जंतू वाढवायला हातभार लावते की काय, अशी शंका येते.

ही तपासणी मुळात लागतेच कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. उन्हाळी लागली की आपल्याकडे आधी धण्याचे पाणी, मग बार्ली, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर ओळखीच्या मेडिकलमधून मागच्या वेळी चालली होती तीच गोळी, असा क्रम कितीतरी घरांत ठरलेला आहे. ती गोळी बहुधा सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन किंवा सेफिक्झीम यांपैकी एखादी असते. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी बहुसंख्य संसर्ग ई. कोलाय या जंतूमुळे होतात, आणि हा जंतू बाहेरून कुठून येत नाही, तो आपल्याच आतड्यात राहतो. साहजिकच आपण कोणत्याही कारणासाठी प्रतिजैविक घेतले, तरी त्याचा मारा आतड्यातल्या ई. कोलायवरही होतो, त्यात दुबळे मरतात आणि टिकणारे टिकतात. सर्दीखोकल्यासाठी उगाच घेतलेल्या सेफिक्झीमचा हिशोब पुढे केव्हातरी मूत्राशयात चुकता करावा लागतो, तो असा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१३ मध्ये या प्रतिरोधावर, म्हणजे जंतूंनी औषधांना दाद न देण्यावर, लक्ष ठेवण्यासाठी मोठ्या रुग्णालयांचे जाळे उभे केले. तिथल्या नोंदींनुसार ई. कोलायच्या बहुसंख्य नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे आता चालत नाहीत, तर नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५० च्या दशकातले जुने औषध त्यांतल्या बहुसंख्यांवर अजून चालते. या नोंदी मोठ्या रुग्णालयांतल्या आहेत आणि तिथे आधीच बरीच औषधे घेऊन झालेले रुग्ण येतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. गल्लीतल्या दवाखान्यातले चित्र इतके वाईट नसेलही. तरीही डोळे मिटून गोळी निवडण्याचे दिवस गेले, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

आता सेवेकडे वळते. या लॅबचा सगळ्यात मोठा गुण नमुना गोळा करण्याच्या टप्प्यावर दिसतो. कल्चरच्या बाबतीत खरी मेख याच टप्प्यात असते, कारण इथे चूक झाली तर पुढे कितीही महागडे यंत्र असले तरी त्याचा उपयोग नसतो. घरी येणारी टेक्निशियन मुलगी सीलबंद निर्जंतुक डबी देते आणि ती कशी वापरायची हे घाई न करता समजावते. ‘आजी, आधी साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका,’ हे ती इतक्या सहजपणे सांगते, की संकोचाने अर्धवट ऐकणाऱ्या बायकांनाही ते नीट कळते. प्रतिजैविक सुरू झाले आहे का, असल्यास कोणते आणि कधीपासून, हेही ती विचारते. याचे महत्त्व वाटते त्याहून जास्त आहे, कारण एखादाच डोस पोटात गेलेला असला तरी लघवीत औषध उतरते आणि जंतू असूनही लॅबमधल्या ताटलीत वाढत नाहीत. मग रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा येतो आणि रुग्ण मात्र कण्हत असतो.

डबी भरली की ती लेबलवर नमुन्याची वेळ पेनाने लिहिते. आमच्या एका लेबलवर ‘स. ६.४०’ असे लिहिलेले होते आणि रिपोर्टात त्याच्याशेजारी लॅबमध्ये नमुना मिळाल्याची वेळ ‘स. ७.५५’ अशी छापलेली होती. या दोन वेळा शेजारीशेजारी छापणारी लॅब मला यापूर्वी भेटली नव्हती. ई. कोलायला पोषक वातावरण मिळाले तर सुमारे वीस मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होते, म्हणजे दोन तासांत चौसष्टपट. बाहेरच्या त्वचेवरून डबीत चुकून उतरलेले, मिलिलिटरमागे जेमतेम दोन हजार जंतू त्या गतीने वाढले, तर डबी उन्हात स्कूटरच्या डिकीत फिरेपर्यंत ते सव्वा लाखाच्या पुढे जातात. मिलिलिटरमागे एक लाख ही संसर्ग मानण्याची मर्यादा अमेरिकेतल्या एडवर्ड कॅस यांनी १९५० च्या दशकात रूढ केली आणि आजही जगभर ती पायाभूत मानली जाते. थोडक्यात, ज्याला संसर्ग नाही त्याला केवळ वाटेतल्या उशिरामुळे ‘एक लाखाहून अधिक’ असा रिपोर्ट मिळू शकतो आणि त्यापाठोपाठ विनाकारण प्रतिजैविकही. म्हणून नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचावा, नाहीतर फ्रीजच्या तापमानाला ठेवावा, असा दंडक आहे. ही मुलगी बर्फाच्या पिशव्या घातलेली छोटी पेटी घेऊन येते. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या एका ठिकाणी आदल्या रात्री भरून बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवलेली डबी दुपारी नेऊन दिली होती आणि तिथल्या खिडकीवर कुणी हूं की चूं केले नव्हते. इथे तशी डबी परत पाठवतात, पैसे घेत नाहीत आणि नवी डबी देतात. गिऱ्हाईक चिडते, पण लॅबची पारख अशाच वेळी होते.

लॅबच्या मुख्य शाखेत मायक्रोबायोलॉजिस्ट डॉक्टर स्वतः बसतात, हा दुसरा गुण. विचारल्यावर त्यांनी मला काचेपलीकडच्या ताटल्या दाखवल्या. एका मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल एवढ्या तारेच्या फासाने लघवीचा थेंब ताटलीवर ओढतात, रात्रभर उबवतात आणि सकाळी वसाहती, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, मोजतात. ताटलीवरच्या एका ठिपक्याचा अर्थ मिलिलिटरमागे हजार जंतू, आणि शंभर ठिपक्यांचा अर्थ एक लाख, इतका हा हिशोब सरळ आहे. लॅक्टोज पचवणारा ई. कोलाय ताटलीतल्या मॅक्कॉन्की अगार या पोषक थरावर गुलाबी वसाहती करतो. त्या दिवशीच्या एका ताटलीवर त्या इतक्या दाट होत्या, की सुरुवातीच्या ओळीत सलग गुलाबी पट्टाच दिसत होता. शेजारच्या ताटलीत मात्र तीनचार प्रकारच्या वसाहतींची खिचडी होती. तिच्यावर ‘मिश्र वाढ, नमुना पुन्हा द्यावा’ असा शेरा जाणार होता, आणि तो तसा गेला पाहिजे. त्या खिचडीतला एखादा जंतू उचलून त्याच्यावर पंधरा औषधे तपासणाऱ्या लॅबही आहेत. त्यांचा रिपोर्ट दिसायला भरगच्च असतो, पण त्याला काही अर्थ नसतो.

सेन्सिटिव्हिटीसाठी इथे बहुतेक नमुने स्वयंचलित यंत्रात जातात, काही औषधांसाठी मात्र अजून चकत्यांची जुनी पद्धत वापरतात. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रमाणित केलेली ही पद्धत पाहायला मोठी सुरेख आहे. म्यूलर-हिंटन अगारवर जंतूंचा सारखा थर देतात, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वलय मिलिमीटरमध्ये मोजतात. मी पाहिलेल्या ताटलीत सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढलेले होते, वलयाचा मागमूसही नव्हता, आणि दोन बोटांवर नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र चांगले रुंद वर्तुळ मोकळे होते. ज्यांना प्रतिरोध ही लांबची गोष्ट वाटते त्यांना ही ताटली एकदा दाखवावी.

वेळ हा या सगळ्या पद्धतीचा दुबळा भाग आहे. वाढ दिसायला एक दिवस लागतो, सेन्सिटिव्हिटीला आणखी एक, त्यामुळे रिपोर्ट अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी मिळतो. त्यात लॅबला दोष देता येणार नाही. एक कुचंबणा मात्र टाळता येण्याजोगी आहे. शुक्रवारी दुपारनंतर दिलेल्या नमुन्याचे काम रविवारच्या सुटीत अडकते आणि रिपोर्ट मंगळवारवर जातो. वाढ आहे की नाही आणि ती साधारण कोणत्या गटातल्या जंतूची, एवढे पहिल्या सकाळी फोनवर कळवले तरी डॉक्टरांना बरीच मदत होईल. काउंटरवर हे सुचवल्यावर ‘तशी सिस्टीम नाही’ असे उत्तर मिळाले. २०२४ मध्ये ब्रिटनचे ऐंशी लाख पौंडांचे लाँजिट्यूड पारितोषिक प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाच्या विषयात ज्या उपकरणाला मिळाले, ते नेमके लघवीच्याच तपासणीचे आहे. स्वीडनमध्ये विकसित झालेले हे पीए-१०० नावाचे यंत्र सूक्ष्म नलिकांमध्ये एकेक जंतू अडकवून औषधाच्या सान्निध्यात त्याची वाढ कशी मंदावते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, आणि साधारण पाऊण तासात कोणते औषध चालेल ते सांगते. असे काही आपल्या दवाखान्यांत परवडण्याच्या दरात येईल तेव्हा येईल, तोवर ताटली आणि उबवणी यांनाच पर्याय नाही.

आता रिपोर्ट. सासूबाईंच्या एका रिपोर्टाचे उदाहरण घेते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. जंतू ई. कोलाय, संख्या एक लाखाहून अधिक, आणि खाली वीसहून अधिक औषधांचा तक्ता. प्रत्येक औषधापुढे एस (जंतू दाद देतो), आय (मधली स्थिती) किंवा आर (दाद देत नाही), आणि त्याच्याशेजारी एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण. औषधांची मांडणी इंग्रजी वर्णक्रमाने केलेली होती, त्यामुळे अमिकासिनसारखे इंजेक्शन सगळ्यांत वर, मेरोपेनेमसारखे अतिदक्षता विभागात राखून ठेवायचे औषध मध्ये, आणि साध्या मूत्राशयदाहाला पुरणारे नायट्रोफ्युरँटॉइन तळाजवळ. शिवाय ‘ईएसबीएल निर्माण करणारा जंतू’ असा ठळक अक्षरांत शेरा, आणि त्याचा अर्थ सांगणारे एकही वाक्य नाही.

हा रिपोर्ट घरातले कसे वाचतात ते पाहा. माझ्या दिरांनी नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १६ आणि मेरोपेनेमपुढे ०.२५ हे आकडे पाहिले आणि तत्काळ निष्कर्ष काढला, की ज्याचा आकडा लहान ते औषध अधिक जालीम, म्हणून तेच द्यावे. हा समज पूर्ण चुकीचा आहे, पण तक्ता तसा छापला तर कुणाचाही तो होणारच. प्रत्येक औषध शरीरात किती आणि कुठे पोचते यावरून त्याची मर्यादा वेगळी ठरलेली असते. सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या कोष्टकानुसार ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनची एमआयसी ३२ पर्यंत असली तरी जंतू औषधाला दाद देणारा ठरतो, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनची नुसती १ असली तरी तो दाद न देणारा ठरतो. वलयांचेही तसेच आहे. नायट्रोफ्युरँटॉइनला १७ मिलिमीटर पुरतात, सिप्रोफ्लॉक्सॅसिनला २६ लागतात. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे निरर्थक असते, हे एक वाक्य तक्त्याखाली मराठीत छापायला लॅबला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेले नाही.

ईएसबीएलच्या शेऱ्याने तर घरात घबराट उडाली. ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या बऱ्याच औषधांचे रेणू तोडणारी जंतूंची विकरे. ती असली की सेफिक्झीम, सेफ्ट्रियाक्सोन यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यांची जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि त्या कड्या एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, पुष्कळदा इतर औषधांचा प्रतिरोधही बरोबर घेऊन. हे गंभीर आहे यात शंका नाही. पण मूत्राशयापुरता संसर्ग असेल, ताप नसेल, पाठीत कळा नसतील, तर नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनची पाण्यात विरघळवून घ्यायची एक पुडी अशा जंतूवरही पुष्कळदा चालते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तेच केले. आधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहिला, कारण मूत्रपिंड अगदी कमी काम करत असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन देत नाहीत, आणि मग जेवणानंतर घ्यायच्या पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. लघवीचा रंग तपकिरी होईल, घाबरू नका, हेही त्यांनी सांगून ठेवले, त्यामुळे तो झाल्यावर पुन्हा धावपळ झाली नाही. त्याच तक्त्यातून दुसऱ्या एखाद्याने मेरोपेनेम उचलले असते तर सासूबाई सलाईन लावून ॲडमिट झाल्या असत्या, बिल भरमसाट आले असते, आणि शेवटच्या फळीतले एक औषध एका साध्या दुखण्यावर खर्ची पडले असते.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. जंतू साध्या औषधाला दाद देत असेल, तर त्याच्या वरच्या पायरीची औषधे यंत्राने तपासली तरी रिपोर्टात छापायची नाहीत. डॉक्टरांनी मागितली तर सांगायची. अनेक देशांतल्या आणि आपल्याकडच्याही काही मोठ्या रुग्णालयांतल्या प्रयोगशाळा असा निवडक रिपोर्ट देतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली आहे, त्यामागेही हीच दृष्टी आहे. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या, सहज वापरता येणाऱ्या गटात आहे, तर सेफिक्झीम आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुसऱ्या, जपून वापरायच्या गटात. मायक्रोबायोलॉजिस्ट डॉक्टरांना मी याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की यादी आखूड केली की गिऱ्हाईक म्हणते, शेजारच्या लॅबमध्ये याच पैशात पंचवीस औषधे तपासतात, तुम्ही आठच कशी? म्हणजे दोष आपल्याकडेही येतो. लांबलचक रिपोर्टात पैसे वसूल झाल्याचे समाधान मिळते, ते आपणच मागतो. तरीही ज्या लॅबला नमुना परत पाठवण्याचे धैर्य आहे, तिला आखूड यादी छापण्याचे धैर्य का नसावे?

रिपोर्टात आणखी एक उणीव आहे आणि तिचे मूळ नोंदणीच्या फॉर्ममध्ये आहे. त्यात नाव, वय, मोबाइल, डॉक्टरांचे नाव, एवढेच विचारलेले असते. ताप आहे का, लघवीची नळी घातलेली आहे का, गरोदरपण आहे का, मुळात काही लक्षण आहे का, यासाठी जागाच नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात साचते, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशीजालात पुरेसे पोचत नाही. म्हणून थंडी वाजून ताप आलेल्या रुग्णाच्या रिपोर्टात त्याच्यापुढे ‘एस’ असले, तरी ते अशा संसर्गाला पुरत नाही. फॉर्मवर तापाची नोंद असती तर लॅबला तसा शेरा देता आला असता. लक्षण नसताना जंतू सापडणे हीदेखील मोठी ठेच लागण्याची जागा आहे. वयस्क स्त्रियांत, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, काहीही त्रास नसताना लघवीत जंतू आढळणे अगदी सर्रास घडते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण वगळता त्यावर औषध द्यायचे नसते, दिल्यास फायदा होत नाही आणि पुढच्या वेळी जंतू अधिक निर्ढावलेले भेटतात.

म्हणूनच या लॅबच्या विक्री विभागाबद्दल मला खरी तक्रार करायची आहे. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक पॅकेजात साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडच्या जोडीला लघवीचे कल्चरही घातलेले आहे. काही त्रास नसताना सासूबाईंनी हौसेने ते पॅकेज घेतले, कल्चरमध्ये वाढ आली, आणि काउंटरवरच्या मुलाने ‘इन्फेक्शन आहे, आजच डॉक्टरांना दाखवा’ असे फोन करून कळवले. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, काहीच त्रास नाही हे ऐकून औषध नाकारले, आणि सासूबाई त्यांच्यावर चार दिवस रुसून बसल्या. हा मुलगा ज्यांना फोन करतो त्या सगळ्यांचे डॉक्टर इतके ठाम असतील असे नाही. औषधाचा कोर्स संपून बरे वाटू लागल्यावर ‘रिपीट कल्चरवर सवलत’ असा संदेश मोबाइलवर येतो, तोही याच माळेतला मणी. लक्षणे गेली असतील तर साध्या संसर्गात पुन्हा कल्चर करण्याची गरज नसते.

जाता जाता मेडिकल दुकानांबद्दलही लिहायला हवे, कारण रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येत असल्यामुळे पुष्कळ लोक तो थेट केमिस्टलाच दाखवतात. २०१४ च्या मार्चपासून लागू असलेल्या शेड्यूल एच-१ या औषध नियमांतल्या यादीमध्ये सेफिक्झीमसह बरीच प्रतिजैविके आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची आणि विक्रीची वेगळ्या वहीत नोंद तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. स्ट्रिपवरची लाल रेघ त्याचीच आठवण करून देते. पण वीस औषधांपुढे ‘एस’ छापलेला कागद समोर आला, की काही दुकानदार त्यालाच चिठ्ठी समजतात. या रिपोर्टाच्या तळाशी ‘हा कागद औषध विकत घेण्यासाठी नाही’ असे ठसठशीत छापले तर माझ्या मते ते लॅबच्या मानांकनाच्या शिक्क्याहून अधिक उपयोगी पडेल.

मानांकनाचा विषय निघालाच आहे तर सांगते. लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे, पण मान्यता लॅबला सरसकट नसते, एकेका तपासणीला असते. सूक्ष्मजीवशास्त्राचे काम मान्यतेच्या व्याप्तीत येते का, हे प्रत्येकाने स्वतः विचारावे. इथे ते येते.

आणखी एक मागणी मी लेखी देऊन ठेवली आहे. वर्षभरात लॅबमध्ये सापडलेल्या ई. कोलायपैकी किती टक्के कोणत्या औषधाला दाद देतात, याचा एकत्रित तक्ता, ज्याला अँटिबायोग्रॅम म्हणतात, तो परिसरातल्या डॉक्टरांना मिळावा. त्याचे संकेतही ठरलेले आहेत. एका रुग्णाचा वर्षातला पहिलाच जंतू धरायचा आणि एखाद्या जंतूचे किमान तीस नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. प्रत्येक रुग्णाचे कल्चर करणे शक्य नसते, आणि तरुण स्त्रीला पहिल्यांदाच उन्हाळी लागली तर ते दर वेळी आवश्यकही नसते. अशा वेळी आपल्या भागात काय चालते हे डॉक्टरांना ठाऊक असणे मोलाचे ठरते. ई. कोलाय कुठवर जाऊ शकतो याची कल्पना ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की मेरोपेनेम ज्या गटातले आहे त्या कार्बापेनेम गटातल्या जवळजवळ सगळ्या औषधांना निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे विकर सर्वप्रथम ज्या रुग्णात ओळखले गेले, तो दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेला भारतीय वंशाचा रुग्ण होता. २००८ सालची ही गोष्ट. जंतू क्लेब्सिएला न्यूमोनिए होता आणि तो त्याच्या लघवीतूनच मिळाला होता. पुढे हेच विकर ई. कोलायमध्येही आढळले. अँटिबायोग्रॅमबद्दल मायक्रोबायोलॉजिस्ट डॉक्टरांचे उत्तर असे मिळाले, की आकडे संगणकात आहेत, पण ते काढून मांडायला माणूस दिलेला नाही.

कल्चरचा दर ७५० रुपये आहे, घरून नमुना नेण्याचे १०० रुपये वेगळे पडतात. कामाचा दर्जा पाहता ते रास्त वाटतात. पाचपैकी साडेतीन गुण देते. त्यांतले तीन नमुना घेणाऱ्या मुलीचे आणि आतल्या डॉक्टरांचे, अर्धा परत पाठवलेल्या डब्यांचा. जमल्यास सोमवार ते गुरुवार या दिवसांतच सकाळी सातपूर्वी नमुना द्यावा, प्रतिजैविकाचा पहिला डोस त्यानंतरच घ्यावा, आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला की तो आधी डॉक्टरांकडे पाठवावा. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा कमरेत कळा असतील तर मात्र या रिपोर्टाची वाट पाहत घरी थांबू नये. नमुना द्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.